आम्लात उरलेले हाड

कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ धुऊन व्हिनेगरमध्ये आठ-दहा दिवस बुडवून ठेवावे. बाहेर काढल्यावर ते पूर्वीसारखेच दिसते. लांबी तीच, टोकांची गोलाई तीच. पण बोटांत धरून वाकवले की रबरासारखे वाकते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग अनेकांनी पाहिला असेल. आम्लाने हाडातले कॅल्शियमचे क्षार विरघळवून नेलेले असतात आणि मागे उरते एक चिवट, लवचिक चौकट. तिचा बहुतेक भाग कोलॅजेन या प्रथिनाचा असतो.

या उरलेल्या चौकटीत नवे हाड घडवण्याचा निरोप साठवलेला असतो, हे कळायला 1965 साल उजाडावे लागले. तो निरोप नेमक्या कोणत्या रेणूंचा, हे उमगायला आणखी 23 वर्षे गेली. पुढे 14 वर्षांनी तो औषध म्हणून शस्त्रक्रियागृहात पोचला आणि त्या औषधाचे खरे मोल ठरायला त्यानंतर आणखी दशकभर लागले. या साऱ्या प्रवासात लोकांचे डोळे निरोपाच्या प्रथिनावर खिळले होते. ते प्रथिन धरून ठेवणारी चौकट मात्र कायम दुय्यम मानली गेली. हा इतिहास नीट वाचला तर यशाची आणि फजितीची अनेक कारणे त्या चौकटीपाशीच सापडतात.

न जुळणाऱ्या हाडांचा प्रश्न

मोडलेले हाड बहुतेक वेळा आपले आपण जुळते. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते. मग तिथे पेशींची गर्दी होते, दोन्ही टोकांना जोडणारी मऊ कूर्चा तयार होते, कूर्चेत रक्तवाहिन्या शिरतात आणि हळूहळू तिचे हाड बनते. प्लास्टर, प्लेट, रॉड यांचे काम एवढेच की हे सगळे होईपर्यंत टोके हलू नयेत.

पण काही हाडे महिनोन्‌महिने वाट पाहूनही जुळत नाहीत. त्यात नडगीचे हाड बदनाम आहे. त्याच्या पुढच्या बाजूला स्नायूंचे आच्छादन नाही, हाडावर थेट कातडी. त्यामुळे जोराचा मार बसला की हाड कातडी फाडून बाहेर येते, जखमेत माती जाते, आधीच बेताचा असलेला रक्तपुरवठा तुटतो. दुचाकीच्या अपघातात अशी नडगी मोडलेला रुग्ण आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयांना नवीन नाही. रॉड टाकला, जखम भरली, तरी एक्स-रेमध्ये फट तशीच दिसते. घरातला कमावता माणूस वर्षभर कुबड्यांवर राहतो. या फटीत केवळ हाड नसते. मुलांची फी, दुकानाचे भाडे आणि हंगामाची पेरणीही अडकलेली असते.

अशा वेळी सर्जनांकडे एक खात्रीचा उपाय होता आणि आजही आहे: रुग्णाच्याच कमरेच्या हाडाच्या कडेतून थोडे हाड काढायचे आणि फटीत भरायचे. त्यात जिवंत पेशी असतात, चौकट असते आणि निरोपही असतो. मात्र त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. तिथले दुखणे काही जणांना कित्येक महिने पुरते. शिवाय कमरेतून काढता येणाऱ्या हाडाला मर्यादा आहे. मोठी फट असली तर ते पुरत नाही. म्हणून बाहेरून लावता येईल आणि हाड उगवेल अशा पदार्थाचा शोध दीडशे वर्षांपासून चालू होता.

पूर्वसूरी

अमेरिकी सर्जन निकोलस सेन यांनी 1889 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्या काळी अस्थिमज्जेला पू झाला की सडका भाग खरवडून काढत आणि मागे पोकळी राही. सेन यांनी बैलाचे हाड आम्लात ठेवून मऊ केले, त्याला जंतुनाशक आयोडोफॉर्म लावला आणि पोकळीत भरले. त्यांचा हेतू पोकळी निर्जंतुक ठेवून बुजवण्याचा होता. तिथे नवे हाड भरून आले, याची त्यांनी नोंद केली. पण आम्लात उरलेल्या त्या पदार्थातच काही प्रेरणा असेल, असा अर्थ त्या काळात कोणी लावला नाही.

चार्ल्स हगिन्स यांनी 1931 मध्ये वेगळ्याच वाटेने धक्का दिला. त्यांनी कुत्र्याच्या मूत्राशयाचे अस्तर पोटाच्या स्नायूंच्या आवरणात रोवले आणि तिथे चक्क हाड उगवले. जिथे हाडाचा संबंध नाही तिथे हाड आले, म्हणजे आसपासच्या साध्या पेशींना कोणीतरी सांगत होते की हाड बना. पुढे स्वीडनमध्ये लेव्हांडर यांनी हाडाचा अर्क स्नायूत टोचून असेच काही पाहिले. बेल्जियमच्या लाक्रॉय यांनी 1945 मध्ये या अदृश्य पदार्थाला 'ऑस्टिओजेनिन' हे नावही देऊन टाकले. नाव होते, पदार्थ हाती नव्हता.

सशाच्या स्नायूतले हाड

तो हाती येण्याची वाट मार्शल युरिस्ट यांनी दाखवली. 1914 मध्ये शिकागोत जन्मलेले युरिस्ट पेशाने अस्थिशल्यचिकित्सक होते. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम केल्यावर ते लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्थिरावले. हाडात कॅल्शियम कसे बसते, हा त्यांच्या अभ्यासाचा मूळ विषय. त्यासाठी हाडातले कॅल्शियम आम्लाने काढायचे आणि ते परत बसते का ते पाहायचे, असे प्रयोग चालू होते.

हायड्रोक्लोरिक आम्लात क्षार काढून टाकलेले हाडाचे तुकडे त्यांनी ससे, उंदीर, गिनीपिग यांच्या स्नायूंत छोटा कप्पा करून ठेवले. काही आठवड्यांनी कप्पा उघडला तर जुन्या तुकड्याच्या जागी नवे हाड तयार होत होते. त्यात मज्जाही होती. ते रोवलेल्या मृत तुकड्याच्या पेशींचे असणे शक्य नव्हते, कारण त्यात जिवंत पेशीच उरल्या नव्हत्या. हाड घडवले होते त्या प्राण्याच्या स्वतःच्या पेशींनी. 'सायन्स' नियतकालिकाच्या नोव्हेंबर 1965च्या अंकात त्यांचा निबंध छापून आला. आज या क्षेत्रातले प्रत्येक पाठ्यपुस्तक तिथून सुरू होते. 1971 मध्ये या प्रेरक पदार्थासाठी त्यांनी 'बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन' म्हणजे हाडाला आकार देणारे प्रथिन हे नाव वापरले. पुढे त्याचे 'बीएमपी' झाले.

युरिस्ट यांच्या या निरीक्षणाकडे अनेकांनी शंकेने पाहिले. प्रथिन शुद्ध करून दाखवा, असे म्हणणे सोपे होते. करणे मात्र महाकठीण. किलोभर हाडात हे प्रथिन मायक्रोग्रॅमच्या मापात असते आणि ते कोलॅजेनच्या विणीत घट्ट अडकलेले असते. युरिस्ट यांनी हार मानली नाही. माणसाच्या हाडापासून काढलेले अर्धशुद्ध प्रथिन घेऊन त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडीचे हाड वारंवार शस्त्रक्रिया करूनही न जुळलेल्या 12 रुग्णांवर उपचार केले. त्यांपैकी 11 जणांचे हाड जुळल्याचे त्यांनी 1988 मध्ये नोंदवले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तरी आशा वाटावी असा हा निकाल होता.

एकवीस दिवस

दरम्यान शिकागोत तेच चार्ल्स हगिन्स होते. कर्करोगावरील हार्मोन-उपचारासाठी त्यांना 1966 मध्ये नोबेल मिळाले होते. त्यांच्या प्रयोगशाळेत दिल्ली विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेला एक तरुण भारतीय काम करू लागला. त्याचे नाव हरी रेड्डी. 1972 मध्ये या दोघांनी एक मोलाचे काम केले: हाडाच्या जन्माची दैनंदिनी लिहिली.

क्षार काढलेल्या हाडाची भुकटी त्यांनी वयात येणाऱ्या उंदरांच्या कातडीखाली ठेवली आणि रोज काय घडते ते तपासले. तिसऱ्या दिवशी साध्या पेशी भुकटीभोवती जमून वाढू लागत. पाचव्या ते सातव्या दिवशी त्यांची कूर्चा होई. नवव्या दिवशी कूर्चेत रक्तवाहिन्या शिरत. दहाव्या-बाराव्या दिवशी हाड दिसे आणि एकविसाव्या दिवसापर्यंत त्या इवल्या हाडात लाल मज्जा भरलेली असे. मोडलेले हाड जुळताना जो क्रम असतो, गर्भात हाड घडताना जो क्रम असतो, तोच कातडीखाली कॅलेंडर लावल्यासारखा घडत होता. भुकटी अगदी बारीक दळली की मात्र तिचा गुण जाई, असेही पुढे दिसले. म्हणजे निरोप तोच असला, तरी तो कोणत्या आकाराच्या कणावर बसला आहे यालाही महत्त्व होते. चौकटीच्या महत्त्वाची ही पहिली खूण.

दुसरी खूण 1981 मध्ये मिळाली आणि ती निर्णायक होती. रेड्डी आता अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत होते. त्यांचे सहकारी कुबेर संपत यांनी हाडाची भुकटी ग्वानिडीनच्या तीव्र द्रावणात भिजवली. कोलॅजेनच्या विणीत अडकलेली प्रथिने सुटून द्रावणात आली. न विरघळणारे कोलॅजेन तळाशी राहिले. आता दोन भाग वेगळे झाले होते. नुसते कोलॅजेन उंदरात रोवले, हाड आले नाही. नुसती सुटलेली प्रथिने रोवली, तरी हाड आले नाही. दोन्ही पुन्हा एकत्र करून रोवली आणि हाड उगवले.

इतका साधा, इतका स्वच्छ प्रयोग विरळा. याचा पहिला फायदा असा झाला की प्रथिन शुद्ध करताना प्रत्येक टप्प्यावर ते काम करते की नाही, हे कोलॅजेनवर बसवून पाहता येऊ लागले. दुसरा धडा त्याहून खोल होता. दोन वर्षांनी याच दोघांनी माणूस, माकड, गाय यांच्या हाडातली प्रथिने उंदराच्या कोलॅजेनवर बसवली, तर तीही उंदरात हाड उगवू लागली. पण परक्या प्राण्याची अख्खी चौकट ठेवली की उंदराचे शरीर तिला विरोध करी. निरोपाची भाषा सर्व सस्तन प्राण्यांना समजते. चौकट मात्र ज्याची त्याला लागते. कृत्रिम कोलॅजेन बनवण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

मद्रास, 1954

इथे थोडे मागे जायला हवे, कारण ही चौकट कशी विणलेली आहे, हे कोडे भारतात सुटले होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल 1952 मध्ये मद्रासला आले असताना कोलॅजेनची रचना अजून कोणालाच नीट उलगडलेली नाही, असे बोलून गेले. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी ते मनावर घेतले. नमुन्यासाठी शुद्ध कोलॅजेन हवे होते. ते मिळाले तिथल्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत: कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुरज्जूचे. त्याच्या क्ष-किरण चित्रांवरून दोघांनी 1954 आणि 1955 मध्ये 'नेचर'मध्ये रचना मांडली. तीन साखळ्या एकमेकींभोवती वेणीसारख्या गुंफलेल्या आणि प्रत्येक साखळीत दर तिसरी जागा ग्लायसिन या सर्वांत लहान अमिनो आम्लाची, कारण वेणीच्या गाभ्यात मोठ्या रेणूला जागाच नाही. आज कोणी प्रयोगशाळेत कोलॅजेनसारखी साखळी जुळवतो, तेव्हा त्याला मद्रासचा हा नियम पाळावाच लागतो.

जनुक हाती येते

1980च्या दशकात जनुके वेगळी काढून पेशींकडून हवे ते प्रथिन बनवून घेण्याचे तंत्र आले. बोस्टनजवळच्या केंब्रिजमधील जेनेटिक्स इन्स्टिट्यूट या कंपनीत एलिझाबेथ वँग, जॉन वोझ्नी आणि सहकाऱ्यांनी गायीच्या हाडातून हे प्रथिन लाखो पटींनी शुद्ध केले, त्याचे छोटे तुकडे वाचले आणि त्यावरून मानवी जनुके शोधली. डिसेंबर 1988 मध्ये 'सायन्स'मध्ये त्यांचा निबंध आला. प्रथिन एक नव्हते, अनेक होती. त्यांपैकी एक, बीएमपी-1, पुढे चक्क कोलॅजेनच्या जडणघडणीतले कात्रीसारखे विकर निघाले. बाकीची प्रथिने वाढीचे निरोप देणाऱ्या एका मोठ्या घराण्यातली होती. त्यांतले बीएमपी-2 एकटे पुरेसे आहे, हे 1990 मध्ये सिद्ध झाले. हॅम्स्टरच्या पेशींमध्ये बनवलेले मानवी बीएमपी-2 उंदरात रोवताच हाड उगवले. त्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीने बीएमपी-7चे जनुक काढले.

युरिस्ट यांनी पंचवीस वर्षे ज्याचा पाठलाग केला, ते आता टाक्यांमध्ये ग्रॅमच्या मापात बनू लागले. प्रश्न उरला तो संपत-रेड्डींचाच: हे बसवायचे कशावर? नुसते द्रावण टोचले तर ते काही तासांत वाहून जाते. त्यामुळे वाहक हवा. अनेक पदार्थ तपासून निवड झाली ती गायीच्या स्नायुरज्जूतून काढलेल्या कोलॅजेनच्या स्पंजाची. हा स्पंज शस्त्रक्रियेत रक्त थांबवण्यासाठी आधीच वापरात होता आणि शरीरात काही आठवड्यांत विरघळत होता.

डर्बनपासून

नडगीच्या उघड्या मोडीवर या स्पंजाची मोठी चाचणी झाली. तिचे नेतृत्व दक्षिण आफ्रिकेतील डर्बनचे सर्जन शुनमुगम गोवेंदर यांच्याकडे होते. अनेक देशांतल्या रुग्णालयांत मिळून 450 रुग्ण त्यात होते. सर्वांना नेहमीप्रमाणे रॉड टाकला. एका गटाला तेवढेच, दुसऱ्याला कमी मात्रेचा स्पंज, तिसऱ्याला दर मिलिलिटरमागे दीड मिलिग्रॅम प्रथिन असलेला स्पंज.

शस्त्रक्रियागृहात हे कसे होते, ते डोळ्यांपुढे आणावे. परिचारिका कोरडे प्रथिन निर्जंतुक पाण्यात विरघळवते. ते द्रावण सुईने थेंबथेंब पांढऱ्या, पुठ्ठ्यासारख्या स्पंजावर सारख्या अंतराने सोडते. मग किमान 15 मिनिटे थांबायचे, म्हणजे प्रथिन कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटते. तोवर सर्जन जखम धुतो. मग ओला, मऊ झालेला स्पंज चिमट्याने उचलून मोडीवर पांघरायचा आणि वर कातडी शिवायची. एक गोष्ट कटाक्षाने टाळायची: स्पंज पिळायचा नाही. पिळला की प्रथिन द्रावणासोबत आसपासच्या मांसात जाते आणि मग हाड कुठे उगवेल, याचा भरवसा नाही.

2002 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. नुसता रॉड टाकलेल्यांपैकी 46 टक्क्यांना हाड जुळावे म्हणून पुन्हा काही ना काही उपाय करावा लागला. जास्त मात्रेच्या गटात हे प्रमाण 26 टक्के होते. जखमाही लवकर भरल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कमरेचे मणके पुढच्या बाजूने जोडण्यासाठी आणि 2004 मध्ये नडगीच्या उघड्या मोडीसाठी या औषधाला परवानगी दिली. बीएमपी-7ला त्याआधी, 2001च्या ऑक्टोबरमध्ये, मर्यादित परवानगी मिळाली होती. युरिस्ट हे काही पाहायला राहिले नाहीत. 2001च्या सुरुवातीलाच ते गेले.

भरती आणि ओहोटी

परवानगी एका विशिष्ट जागेसाठी, मणक्यांमध्ये बसवायच्या विशिष्ट पिंजऱ्यात घालण्यासाठी होती. पण अमेरिकेत एकदा औषध बाजारात आले की डॉक्टर ते इतरत्रही वापरू शकतो. कमरेतून हाड काढावे लागत नाही, हे आकर्षण मोठे होते. मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियांपैकी 2002 मध्ये एक टक्क्याहूनही कमी शस्त्रक्रियांत हे प्रथिन वापरले गेले होते. 2006 मध्ये ते प्रमाण सुमारे 25 टक्क्यांवर गेले. त्यातला फार मोठा वाटा परवानगी नसलेल्या जागांचा होता.

एका मोठ्या संचात 12 मिलिग्रॅम प्रथिन असे. अख्ख्या सांगाड्यात निसर्ग जेवढे ठेवतो, त्याच्या कित्येक पट हे प्रथिन एका जागी एका दिवसात येई. स्पंज ते धरून ठेवी, पण फार काळ नाही; पहिल्याच काही दिवसांत बरेचसे निसटे. मानेत वापरले तेव्हा गळ्याला सूज येऊन काहींचा श्वास कोंडला. जुलै 2008 मध्ये प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. मज्जातंतूंजवळ नको तिथे हाड वाढल्याच्या, असलेले हाड झिजल्याच्या, पुरुषांच्या प्रजननावर परिणाम झाल्याच्या नोंदी साचू लागल्या. त्याच सुमारास, सैनिकांच्या नडग्यांवर या औषधाचा उत्तम गुण आल्याचे सांगणारा एका लष्करी डॉक्टराचा निबंध ब्रिटिश नियतकालिकाने मागे घेतला. सहलेखकांच्या सह्या बनावट निघाल्या होत्या.

मग जून 2011 आला. 'द स्पाइन जर्नल'चे संपादक, स्टॅनफर्डचे सर्जन युजीन कॅरागी आणि सहकाऱ्यांनी औषधाच्या उत्पादक कंपनीच्या पैशावर झालेल्या 13 अभ्यासांतील 780 रुग्णांचा हिशेब पुन्हा मांडला. मूळ निबंधांत या प्रथिनामुळे एकाही रुग्णाला त्रास झाल्याची नोंद नव्हती. प्रशासनाकडच्या कागदपत्रांशी ताडून पाहता त्रासाचे प्रमाण 10 ते 50 टक्क्यांपर्यंत असावे, असे त्यांनी दाखवले. त्याच वर्षी जास्त मात्रेच्या नव्या रूपाला कर्करोगाच्या शंकेमुळे परवानगी नाकारली गेली. ऑक्टोबर 2012 मध्ये अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीने अहवाल दिला: उत्पादक मेडट्रॉनिकने निबंध लिहिणाऱ्या डॉक्टरांना दीड दशकात सुमारे 21 कोटी डॉलर दिले होते आणि निबंधांच्या मजकुरावर कंपनीच्या लोकांचा हात फिरला होता. कंपनीने गैरप्रकाराचा आरोप फेटाळला.

इथे एक चांगली गोष्टही घडली आणि ती विसरता कामा नये. कंपनीने आपल्याकडची रुग्णनिहाय माहिती येल विद्यापीठाच्या हार्लन क्रमहोल्झ यांच्या प्रकल्पाकडे सोपवली आणि ती दोन स्वतंत्र गटांनी तपासली. इंग्लंडच्या यॉर्क आणि अमेरिकेच्या ऑरेगनमधील गटांनी जून 2013 मध्ये निकाल दिला. एक्स-रेवर हाड जुळण्यात यॉर्कला थोडा फायदा दिसला. पण वेदना आणि चालणे-फिरणे यांत कमरेतून काढलेल्या हाडापेक्षा रुग्णाला जाणवेल असा फरक नव्हता. कर्करोगाचा धोका किंचित वाढलेला दिसला, तरी एकूण रुग्ण थोडे होते. इतकी सगळी मूळ माहिती बाहेरच्यांपुढे उघडी करण्याचे हे उदाहरण पुढच्या औषधांसाठी पायंडा ठरले.

नडगीच्या बाबतीतही उजळणी झाली. पहिल्या चाचणीत बऱ्याच रुग्णांत मज्जेची पोकळी न कोरता रॉड टाकला होता. पोकळी कोरून टाकल्यास कोरताना निघालेला हाडाचा भुगाच मोडीवर पसरतो आणि हाड जुळायला मदत करतो. अशा कोरून रॉड टाकलेल्या 277 रुग्णांवर 2011 मध्ये पुन्हा चाचणी झाली, तेव्हा विसाव्या आठवड्याला दोन्ही गटांत जुळलेल्यांचे प्रमाण जवळपास सारखे होते: 68 आणि 67 टक्के. बीएमपी-7चे औषध तर काही वर्षांत बाजारातूनच गेले.

मागे उरले ते काय

हा सारा खटाटोप वाया गेला, असे मुळीच नाही. हाडाला निरोप देता येतो, हे कायमचे सिद्ध झाले. 2006 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील गटाने एक क्रूर आजार याच भाषेत वाचला. त्या आजारात स्नायूंचे हळूहळू हाड होते आणि माणूस स्वतःच्या शरीरात कोंडला जातो. बीएमपीचा निरोप ऐकणाऱ्या पेशीच्या 'कानाच्या' जनुकात एका अक्षराचा बदल झालेला असतो, त्यामुळे तो निरोप नसतानाही ऐकू येत राहतो. सुमारे 20 लाखांत एकाला होणाऱ्या या आजारावर औषधे शोधण्याची दिशा युरिस्टच्या सशांपासूनच निघते.

दुसरा परिणाम असा की शेवटी चौकटीला तिचा मान मिळू लागला. 2015 मध्ये युरोपच्या औषध संस्थेने बीएमपी-2चे औषध स्थगित करण्याची शिफारस केली. प्रथिनात काही दोष नव्हता. स्पंज बनवणाऱ्या कारखान्यातल्या त्रुटी कारण ठरल्या. वाहक अडला की औषध अडते. शिवाय गायीच्या कोलॅजेनविरुद्ध काही रुग्णांत प्रतिपिंडे तयार होतात आणि 1990च्या दशकातल्या वेड्या गायीच्या रोगाने प्राणिजन्य पदार्थांविषयी सगळेच सावध झाले आहेत.

म्हणून संशोधक कोलॅजेन स्वतः घडवू लागले. सॅन फ्रान्सिस्कोत राजेंद्र भटनागर यांनी कोलॅजेनच्या लांब साखळीतला पेशी धरून ठेवणारा नेमका 15 अमिनो आम्लांचा तुकडा ओळखला आणि तो रासायनिक पद्धतीने बनवला. खनिजाच्या कणांवर बसवलेला हा कृत्रिम तुकडा आधी दंतवैद्यांनी वापरला. 2015 मध्ये मानेचे मणके जोडण्यासाठी त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. त्यात निरोपाचे प्रथिन नाहीच. पेशींना बसायला ओळखीची जागा दिली की त्या आपले काम सुरू करतात, ही त्यामागची कल्पना. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात 2011 मध्ये कृत्रिम साखळ्यांनी आपण होऊन तिपेडी वेणी घातली, वेण्यांचे धागे झाले आणि धाग्यांची जेली. इस्रायलमध्ये तंबाखूच्या पानांत मानवी कोलॅजेन पिकवले जाते. तर वेगळ्याच एका वाढ-प्रथिनाला, रक्तबिंबिकांत आढळणाऱ्या पीडीजीएफला, कॅल्शियमच्या सच्छिद्र कणांवर बसवून घोट्याचे सांधे जोडण्यासाठी 2015 मध्येच मान्यता मिळाली. प्रथिन किती द्यायचे यापेक्षा ते किती दिवस, किती सावकाश सुटेल, याकडे आता लक्ष आहे.

या इतिहासाचा माझ्या दृष्टीने निवाडा असा. युरिस्ट, रेड्डी आणि संपत यांचे विज्ञान खरे होते आणि आजही खरे आहे. चूक झाली ती घाईची, मोठ्या मात्रेच्या मोहाची आणि त्रास लपवण्याची. 1981च्या प्रयोगाने स्पष्ट सांगितले होते की एकटे प्रथिन काही करत नाही. ते ऐकले असते तर बऱ्याच रुग्णांचे हाल टळले असते.

आपल्यापैकी कोणाच्या घरी न जुळणाऱ्या हाडाचा रुग्ण असेल आणि महागड्या वाढ-प्रथिनाचा सल्ला मिळाला असेल, तर घाबरू नये आणि भुलूनही जाऊ नये. आधी तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडावी, कारण धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो, हे पक्के ठाऊक आहे. मग डॉक्टरांना शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात: माझ्या या हाडासाठी याला मान्यता आहे का, मात्रा किती, आणि ते कशात भिजवून लावणार? स्पंज गायीच्या कोलॅजेनचा असेल तर तेही जाणून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. आणि कमरेच्या हाडाचा पर्याय माझ्यासाठी का नको, हेही विचारावे, कारण दीडशे वर्षांच्या शोधानंतरही तुलना त्याच्याशीच केली जाते.